शुक्रवारी रात्री इलेक्ट्रॉनिक सिटीत

बंगळूरला जाणारे आपल्याकडचे पाहुणे लालबाग पाहतात, कब्बन पार्कात फेरी मारतात, विधानसौधासमोर उभे राहून फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी म्हैसूरची गाडी पकडतात. इलेक्ट्रॉनिक सिटी पाहायला म्हणून कुणी जात नाही. तिथे जायचे ते मुलाला, लेकीला किंवा जावयाला भेटायला. महाराष्ट्रातल्या किती घरांतली मुले आज तिथे नोकरी करत असतील! आई-वडील चार दिवस राहून येतात आणि परतल्यावर शेजाऱ्यांना सांगतात, "सगळं काचेचं आहे हो. रस्ते अगदी चकाचक. पण माणूस काही दिसत नाही."

हे खरे आहे आणि खोटेही. माणूस दिसतो, पण त्यासाठी शुक्रवारची संध्याकाळ गाठावी लागते.

पूर्वी या वसाहतीत पोहोचणे हीच मोठी यातायात होती. शहराच्या मध्यापासून अंतर जेमतेम अठरा-वीस किलोमीटर. पण सिल्क बोर्ड चौकात गाडी अडकली की त्या अठराचे ऐंशी वाटू लागत. सेंट्रल सिल्क बोर्ड म्हणजे केंद्र सरकारचे रेशीम मंडळ. त्याच्या कार्यालयावरून चौकाला नाव पडले आणि पुढे ते नाव वाहतुकीच्या कोंडीसाठी देशभर गाजले. जानेवारी २०१० मध्ये तिथून इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत सुमारे दहा किलोमीटरचा उंचावरचा रस्ता झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली. सुमारे १९ किलोमीटर आणि १६ स्थानके. आता खिडकीशी बसून कौलारू घरे, नारळाची झाडे, गाड्यांच्या रांगा आणि शेवटी काचेच्या इमारती पाहत आरामात जाता येते.

बालिगांचे स्वप्न

या मार्गिकेवर 'कोनप्पन अग्रहार' नावाचे एक स्थानक आहे. नावावरूनच कळते की इथे एकेकाळी गाव होते. कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर ही शेतीवर जगणारी दोन खेडी. १९७८ साली तिथल्या ३३२ एकर जमिनीवर 'केऑनिक्स' या कर्नाटक सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स महामंडळाने औद्योगिक वसाहत उभारायचे ठरवले. महामंडळाचे पहिले अध्यक्ष रामकृष्ण बालिगा यांना बंगळूर हे भारताचे 'सिलिकॉन व्हॅली' व्हावे असे वाटत होते. टेलिफोनसाठी अनेक वर्षे नंबर लावून बसावे लागण्याचा तो काळ. बालिगांचे बोलणे ऐकून त्या वेळी किती जणांनी हसू दाबले असेल!

पण काळ बदलला. मराठी वाचकांना यातला एक धागा जवळचा वाटेल. १९८१ साली सात इंजिनियरांनी पुण्यात 'इन्फोसिस' सुरू केली. त्यासाठी सुधा मूर्तींनी नवऱ्याला आपल्या शिलकीतले दहा हजार रुपये काढून दिले, ही गोष्ट आता घराघरांत माहीत आहे. १९८३ साली कंपनी पुण्याहून बंगळूरला गेली आणि १९९० च्या दशकात इलेक्ट्रॉनिक सिटीत तिचे विस्तीर्ण आवार उभे राहिले. मागोमाग इतर आल्या. शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली १६३८ साली. त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी मराठी माणसे या शहरात पुन्हा मोठ्या संख्येने आली, पण या वेळी हातात पदवीचे कागद घेऊन!

वसाहत आखणाऱ्यांनी सगळा विचार केला होता. वीज, पाणी, रस्ते, झाडे, कारखान्यांचे गाळे. पुढे शिक्षणसंस्था आल्या, रुग्णालये आली. २०१३ मध्ये वसाहतीचा कारभार पाहायला तिचे स्वतःचे प्राधिकरणही झाले. एकच गोष्ट नकाशात नव्हती. सहा-साडेसहाला काम संपल्यावर माणसाने जायचे कुठे?

आपल्या गावात हा प्रश्न पडत नाही. तिथे पार असतो, देवळाचे आवार असते, कट्टा असतो, नाक्यावरचा चहावाला असतो. गणपतीत गल्लीतला मांडव असतो. त्या मांडवात कुणी पेटी वाजवतो, कुणी नकला करतो, आणि त्यातलाच एखादा पुढे नाव काढतो. आखीव वसाहतीत मांडव आपोआप उगवत नाही.

मिरजेचा मुलगा, हातात गिटार

नीलाद्री रस्त्याच्या आतल्या बाजूला इमारतीच्या इमारती 'पीजी'च्या आहेत. पीजी म्हणजे पैसे भरून राहणाऱ्या मुलामुलींची खोली, जेवणासकट. गॅलरीत वाळत घातलेले कपडे, खाली इडली-डोशाची 'दर्शिनी', म्हणजे उभ्याने खायचे स्वच्छ, स्वस्त उपाहारगृह. पितळी वाटी-पेल्यातून कॉफी पिता पिता तिथेच एका मिरजेच्या मुलाशी गाठ पडली. पाठीला लॅपटॉपची पिशवी आणि खांद्यावर गिटार.

"मिरजेचा आणि गिटार? सतार नाही?" मी विचारले. सतार आणि तंबोऱ्यासाठी मिरज साऱ्या देशात प्रसिद्ध. सतारमेकरांच्या घरांसमोर वाळत टाकलेले भोपळे पाहतच हा मुलगा लहानाचा मोठा झालेला.

तो हसला. "आजोबा पण हेच म्हणतात, ताई. पण तारा त्याच की!"

तो सॉफ्टवेअर तपासण्याच्या कामात आहे. चौघांचा बँड आहे. ड्रम वाजवणारा विजयवाड्याचा, गाणारी मुलगी कोट्टायमची, बास गिटारवाला इथलाच, होसूर रस्त्यावरचा. शुक्रवारी रात्री जवळच्या एका छोट्या पबमध्ये कोपरा मिळतो. दोन तास वाजवायचे. पैसे म्हणाल तर रिक्षाभाडे आणि जेवण सुटते.

"आईला काय सांगितलंयस?"

"हॉटेलात वाजवतो म्हणून. खोटं नाही ना ते?" मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "दिवसभर मी दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधतो, ताई. शुक्रवारी दोन तास स्वतःच्या चुका ऐकू येतात. तेवढ्यावर आठवडा निघतो."

कुठल्या प्रकारचे संगीत, असे विचारले तर त्याने जे नाव घेतले ते मी प्रथमच ऐकत होते: पब रॉक. 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेतला मुका जल्लाद त्याला आवडला. तो नट कोण म्हणून शोधायला गेला, तर तो निघाला इंग्लंडमधल्या एका जुन्या बँडचा गिटारवाला. बँडचे नाव 'डॉ. फीलगुड'. ती गोष्ट ऐकता ऐकता माझी कॉफी थंड झाली. इलेक्ट्रॉनिक सिटी समजून घ्यायला ती उपयोगी पडते, म्हणून वाचकांनाही सांगते.

तेलाच्या टाक्यांमधले गाव

लंडनच्या पूर्वेला थेम्स नदी समुद्राला मिळते, तिथे कॅन्व्ही नावाचे सखल बेट आहे. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री समुद्र बांध ओलांडून आत शिरला आणि बेटावरची ५८ माणसे दगावली. पुढे बांध उंच केले, आणि किनाऱ्यावर तेलाच्या व गॅसच्या टाक्या उभ्या राहिल्या. द्रवरूप नैसर्गिक वायू जहाजातून समुद्रापार नेण्याचा जगातला पहिला प्रयोग १९५९ साली झाला, तेव्हा अमेरिकेहून निघालेले ते जहाज याच बेटाला लागले. रात्री आकाशात ज्वाला दिसत. असे हे उद्योगांच्या कुशीतले, लंडनकरांनी नाक मुरडावे असे गाव.

१९७१ मध्ये या गावातल्या चार तरुणांनी बँड काढला. गाणारा ली ब्रिलो वकिलाच्या कचेरीत कारकुनी करणारा. गिटारवाला विल्को जॉन्सन इंग्रजी साहित्याचा पदवीधर. आइसलँडच्या प्राचीन गाथांचा अभ्यास केलेला. शिक्षण संपल्यावर हा पठ्ठ्या जमिनीच्या मार्गाने हिंदुस्थानात येऊन भटकून गेला होता! परत गेल्यावर त्याने शाळेत मास्तरकी धरली. बास गिटारवर जॉन स्पार्क्स आणि ड्रमवर जॉन मार्टिन. जॉनला सगळे 'बिग फिगर' म्हणत.

त्या काळचे इंग्रजी रॉक संगीत फार मोठे झाले होते. मोठी सभागृहे, ट्रक भरून यंत्रसामग्री, वीस-वीस मिनिटांची गाणी. नव्या मुलांना शिरायला जागाच नव्हती. १९७१ सालीच 'एग्ज ओव्हर ईझी' या अमेरिकन बँडने लंडनच्या केंटिश टाउन भागातल्या 'टॅली हो' नावाच्या पबमध्ये वाजवायला सुरुवात केली. तिथे तोवर जाझ चाले. लोकांना हे आवडले. मग एकामागून एक पबमालकांनी मागची खोली बँडसाठी उघडली.

पब म्हणजे 'पब्लिक हाउस'. आपल्याकडे हा शब्द ऐकताच भुवया वर जातात. इंग्लंडात मात्र तो गल्लीचा कट्टा असतो. बिअर असतेच, पण म्हातारे पत्ते खेळतात, शेजारी गप्पा मारतात, कुणी नुसतेच बसते. अशा ठिकाणी वाजवणाऱ्याला लपायला जागा नाही. श्रोता हातभर अंतरावर. आवडले नाही तर तो पाठ फिरवतो आणि मोठ्याने बोलू लागतो. आपल्या तमाशाच्या फडावर किंवा गणपतीच्या मांडवात हेच होते की! लहान जागा कलावंताला लवकर शिकवते.

१९७३ पासून डॉ. फीलगुड लंडनच्या पबमध्ये वाजवू लागले. कॅन्व्हीहून गाडीत सामान भरून जायचे, वाजवायचे आणि रात्री परतायचे. ब्रिलोचा पांढरा कोट धुळीने आणि घामाने मळलेला. विल्को काळ्या सुटात, डोळे वटारून, किल्ली दिलेल्या बाहुल्यासारखा रंगमंचावर मागे-पुढे धावणारा. गिटार त्याने बंदुकीसारखी धरलेली. गाणी तीन-तीन मिनिटांची. विषय तेलाच्या टाक्या, धक्का, पैशाची चणचण, रुसलेली बायको. म्हणजे जे समोर दिसते ते.

१९७५ च्या जानेवारीत त्यांचा पहिला अल्बम आला, 'डाउन बाय द जेटी', म्हणजे धक्क्याशेजारी. स्टिरिओच्या जमान्यात तो मोनो ध्वनीत ठेवलेला. आणि १९७६ साली त्यांच्या प्रत्यक्ष कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण असलेला 'स्टुपिडिटी' ब्रिटनच्या अल्बमांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला. पबच्या कोपऱ्यातून निघालेली माणसे, ज्यांच्या नावाने लंडनची मंडळी पूर्वी हसली असती!

यश आले आणि भांडणेही आली. १९७७ मध्ये पुढच्या अल्बमच्या वेळी विल्को बाहेर पडला. नवे गिटारवाले आले. १९७९ मध्ये एक गाणे पहिल्या दहांत गेले. हळूहळू जुने साथीदार सुटत गेले. ब्रिलो मात्र वर्षाचे महिनेच्या महिने गावोगाव वाजवत राहिला. १९९४ च्या एप्रिलमध्ये कर्करोगाने तो गेला, तेव्हा जेमतेम ४१ वर्षांचा होता. त्याने शेवटचे कार्यक्रम केले ते कुठे? कॅन्व्हीवरच, बँडच्या नावाने निघालेल्या छोट्या म्युझिक बारमध्ये.

विल्कोची कथा तर एखाद्या चित्रपटाची. २०१३ मध्ये डॉक्टरांनी त्याला स्वादुपिंडाचा कर्करोग सांगितला. दहा महिने उरलेत म्हणाले. त्याने केमोथेरपी नाकारली आणि निरोपाचे कार्यक्रम सुरू केले. 'द हू' बँडच्या रॉजर डाल्ट्रीबरोबर अखेरचा म्हणून अल्बमही केला. त्याचा एक चाहता स्वतः कर्करोगाचा शल्यचिकित्सक होता. हा माणूस इतके दिवस धडधाकट कसा, अशी त्याला शंका आली. पुन्हा तपासणी झाली. २०१४ मध्ये मोठी शस्त्रक्रिया होऊन सुमारे तीन किलोची गाठ काढली, आणि विल्को वाचला! पुढे आठ वर्षे वाजवत राहून २०२२ च्या नोव्हेंबरात, ७५ व्या वर्षी तो गेला.

पण डॉ. फीलगुडचा खरा वारसा त्यांच्या खपाच्या आकड्यांत नाही. १९७६ मध्ये 'स्टिफ रेकॉर्ड्स' नावाची छोटी कंपनी सुरू झाली, ती ब्रिलोने उसने दिलेल्या ४०० पौंडांवर. त्याच कंपनीने ब्रिटिश पंक संगीताची पहिली तबकडी काढली, एल्व्हिस कॉस्टेलोला पहिली संधी दिली. पबच्या मागच्या खोलीने एका पिढीला दार उघडून दिले होते.

बंगळूरचे कोपरे

आता पुन्हा बंगळूरला येऊ. इंग्रजांनी १८०९ मध्ये इथे छावणी वसवली. आजचा महात्मा गांधी रस्ता ही त्या छावणीची 'साउथ परेड'. गोऱ्या सैनिकांना बिअर लागे, म्हणून या भागात मद्याचे कारखाने आले. १९१५ साली त्यातल्या काहींना एकत्र करून 'युनायटेड ब्रुअरीज' झाली. हवा थंड, कारखाने दाराशी. १९८० च्या दशकात रस्तोरस्ती पब निघाले आणि 'पबचे शहर' ही ओळख चिकटली. रेस्ट हाउस रोडवरचे 'पेकोज' १९८९ चे. भिंतीवर परदेशी गायकांची चित्रे आणि दिवसभर जुने रॉक संगीत. कॉलेजची मुले एक मगभर बिअर समोर ठेवून तीन-तीन तास गाणी ऐकत बसत. ज्या काळात परदेशी कॅसेट मिळणे दुर्मिळ होते, तेव्हा ही त्यांची शाळाच होती.

या शाळेतून बँड निघाले. १९९६ साली क्राइस्ट कॉलेजच्या मुलांनी 'थर्मल अँड अ क्वार्टर' काढला. नावाचा अर्थ विचाराल तर गंमत आहे. त्यातले तिघे मल्याळी आणि चौथा पाव मल्याळी! 'थ्री मल अँड अ क्वार्टर' या कोटीतून हे नाव झाले. ब्रूस ली मणी हा त्यांचा गायक आणि गिटारवादक, राजीव राजगोपाल ड्रमवर. २००१ मध्ये इंग्लंडचा प्रख्यात 'डीप पर्पल' बँड बंगळूरला आला, तेव्हा आधी यांनी वाजवले. परक्यांची गाणी गाण्यापेक्षा त्यांनी आपल्या शहरावर स्वतःची गाणी रचली आणि त्या प्रकाराला 'बंगळूर रॉक' म्हटले. २०१२ मध्ये त्यांनी एकदम तीन भागांचा अल्बम काढला. त्याच्या नावातच तीन चाके आहेत, म्हणजे आपली रिक्षा!

'आगम' हा बँड २००३ चा. कर्नाटक संगीत आणि रॉक यांचा मेळ घालणारा. त्याचा प्रमुख गायक हरीश शिवरामकृष्णन हा पेशाने सॉफ्टवेअर क्षेत्रातला. बँडमधले इतरही बरेच नोकरी सांभाळून वाजवणारे. आणि रघु दीक्षित? जन्म नाशिकचा, वाढला म्हैसूरला. सूक्ष्मजीवशास्त्रात सुवर्णपदक मिळवलेल्या या मुलाने गिटार हाती घेतली, संत शिशुनाळ शरीफांच्या कन्नड रचनांना नवा साज चढवला. २०१० मध्ये बीबीसीवर जूल्स हॉलंडच्या कार्यक्रमात आणि २०११ मध्ये ग्लास्टनबरीच्या महोत्सवात तो गायला.

पॅलेस ग्राउंड्सच्या मैदानावर २००३ साली 'रोलिंग स्टोन्स' येऊन गेले, २००७ मध्ये 'आयर्न मेडन' आले. ते हजारोंचे सोहळे. पण 'आयर्न मेडन'सुद्धा १९७५ साली पूर्व लंडनमध्ये सुरू झाला आणि तिथल्या पबमध्येच वाढला. मैदानावर पोहोचायचे तर आधी कोपरा मिळायला हवा, हा नियम सगळ्यांना सारखाच.

कोपऱ्यावर आलेले संकट

आणि नेमका हा कोपराच अडचणीत आहे. २००५ मध्ये बंगळूरच्या पोलिस आयुक्तांनी सार्वजनिक करमणुकीच्या जागांसाठी परवान्याचा आदेश काढला. 'लाइव्ह बँड' या नावाखाली काही ठिकाणी बाया नाचवल्या जात. मुख्य रोख त्यावर होता. पण आदेशाच्या भाषेत नाचगाण्याचा अड्डा आणि गिटार घेऊन बसलेली चार मुले यांत फरक राहिला नाही. उपाहारगृहांची संघटना न्यायालयात गेली. जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश वैध ठरवला. त्यानंतर पोलिसांनी तपासणी कडक केली आणि परवाना मिळवणे न झेपणाऱ्या अनेक जागांनी वाजवणेच बंद केले.

दुसरी बाजूही ऐकायला हवी. इंदिरानगर, कोरमंगला या भागांत पूर्वी शांत बंगले होते. खालच्या मजल्यावर पब आला की वरच्या मजल्यावरच्या आजोबांची झोप जाते, दहावीच्या मुलीचा अभ्यास बुडतो. त्यांची तक्रार खोटी नाही. रात्री दहाच्या नियमाने आपल्या पुण्यातल्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्रभराच्या मैफली थांबल्या. मुंबईत रंगभवनच्या खुल्या रंगमंचावर रॉकचे मोठे महोत्सव होत. शेजारी रुग्णालये आणि महाविद्यालय असल्याने तेही बंद पडले. आवाजाला मर्यादा हवीच.

प्रश्न असा आहे की मर्यादा घालायची की दार बंद करायचे? इंग्लंडमध्येही पूर्वी विचित्र नियम होता. पबमध्ये वेगळ्या परवान्याशिवाय दोनच वादक वाजवू शकत. तिसरा आला की गुन्हा! २००३ च्या कायद्याने तो नियम गेला, पण त्याच्या जागी इतकी कागदपत्रे आली की लहान पब कंटाळले. शेवटी २०१२ मध्ये 'लाइव्ह म्युझिक' कायदा झाला. परवानाधारक पबमध्ये श्रोते दोनशेपर्यंत असतील आणि वेळ सकाळी आठ ते रात्री अकरा असेल, तर संगीतासाठी वेगळी परवानगी नको. पुढे २०१५ मध्ये ही संख्या पाचशे केली. तक्रार आली तर अधिकाऱ्यांना कारवाई करता येते. म्हणजे शेजाऱ्यांची झोपही राहिली आणि मुलांचा कोपराही राहिला. असा मधला मार्ग आपल्या शहरांना अशक्य आहे का?

रात्री साडेनऊला

त्या शुक्रवारी मिरजेच्या मुलाचा कार्यक्रम ऐकायला मी गेले. लिंबाचा सोडा मागवून भिंतीकडेला बसले. शहात्तर खुर्च्यांची जागा, निम्म्या भरलेल्या. गळ्यात कार्यालयाची ओळखपत्रे तशीच लोंबत असलेली मुले-मुली. काही पीत होते, बरेचसे नुसते खात होते. एका टेबलावर कुणाचे तरी आई-वडील अवघडून बसले होते. आई पदर सावरत सारखी दाराकडे पाहत होती.

पहिले गाणे विस्कटले. ड्रम पुढे धावला, गिटार मागे राहिली. दोघे-तिघे फोनकडे वळले. मिरजेच्या मुलाने मान हलवली, चौघांनी एकमेकांकडे पाहिले आणि दुसरे गाणे धरले. या वेळी चौघे बरोबर निघाले आणि बरोबर पोहोचले. तिसरे त्यांचे स्वतःचे होते. हिंदी आणि कन्नड मिसळलेले, सिल्क बोर्डच्या कोंडीवर. पहिल्याच कडव्याला हशा पिकला. ती अवघडलेली आईसुद्धा हसली. तिने नवऱ्याला कोपराने ढोसले आणि मग ठेका धरला, टेबलावर, बोटांनी.

कंपन्या वार्षिक समारंभात मोठे मंच घालतात, रोषणाई करतात. ते चांगलेच आहे. पण तिथे टाळ्या वाजवणारे सहकारी असतात. चुकले तरी वाजवतात. अनोळखी माणसाने फोन खाली ठेवून मान वर करावी, ही दाद कोपऱ्यातच मिळते. घरापासून हजार किलोमीटरवर, काचेच्या भिंतींत आठवडा काढणाऱ्या मुलाला ती किती लागते, हे त्या रात्री त्या आईला कळले असावे.

म्हणून एक सांगावेसे वाटते. मूल परगावी नोकरीला असेल, तर 'जेवलास का', 'पगार झाला का' यांच्या जोडीला आणखी एक विचारा: 'संध्याकाळी काय करतोस?' उत्तर गिटार असेल, नाटक असेल, भजन असेल किंवा क्रिकेट. 'काहीच नाही' असे उत्तर आले, तर मात्र काळजी करा.

जायचे असेल तर: मुंबईहून पुणे-सोलापूरमार्गे जाणारी उद्यान एक्स्प्रेस बंगळूरच्या मुख्य स्थानकावर सोडते. पुण्याहून रस्त्याने अंतर सुमारे साडेआठशे किलोमीटर. वाटेत कोल्हापूर, बेळगाव, हुबळी लागतात. मुख्य स्थानकाजवळच्या मॅजेस्टिकहून मेट्रोची हिरवी मार्गिका धरावी, आर. व्ही. रोडला उतरून पिवळी पकडावी. ती थेट इलेक्ट्रॉनिक सिटीत नेते. कंपन्यांच्या आवारात परवानगीशिवाय प्रवेश नाही. संध्याकाळी गार वारा सुटतो, म्हणून अंगावर घ्यायला काहीतरी जवळ असावे. आणि शक्यतो शुक्रवार धरून जावे.